‘विंग म्हणजे पंख का, बाई?’

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सराव परीक्षांच्या निकालांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच काळजी आहे: एखादा प्रश्न मुलाचं गणित किंवा भाषा तपासायच्या ऐवजी त्याचं घर आणि गावच तपासत असेल, तर ते ओळखायचं कसं? नागपूरच्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरचा माझा बराचसा वेळ शाळांच्या प्रश्नपत्रिकांतच जातो. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवते.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या काही शाळा शहरात आहेत, काही कुही तालुक्यात. पाचवीच्या गणिताचा ४० प्रश्नांचा सराव पेपर सगळीकडे एकच होता. भागाकाराच्या एका प्रश्नात शहरातली आणि खेड्यातली मुलं यांच्यात जवळजवळ २० टक्क्यांचा फरक आला. सोसायटीतल्या फ्लॅटच्या प्रश्नात तर ३३ टक्क्यांचा. संस्थेतले काही जण म्हणतात, १५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला की तो प्रश्न पक्षपाती समजून काढून टाका. तसं करावं का? – एक मुख्याध्यापिका, सक्करदरा

ताई, तसं करू नका. तुमचे तक्ते घेऊन मी दोन दुपारी बसले होते. तुम्ही लिहिलेल्या दोन प्रश्नांपैकी एक निर्दोष आहे आणि एक खरोखरच दोषी आहे. नुसत्या टक्केवारीतून ते कळणार नाही.

वाचकांनाही कागदावर हिशोब करता यावा म्हणून आकडे थोडे गोल करते. शहरातली २०० मुलं धरू, खेड्यातली २००. पूर्ण पेपरात किती गुण पडले त्यावरून सगळ्यांचे तीन गट पाडू: कमी, मध्यम, जास्त. शहरातली ४० मुलं कमी गुणांच्या गटात, ६० मध्यम गटात, १०० वरच्या गटात. खेड्यातली याच क्रमाने १००, ६० आणि ४०.

आता भागाकाराचा प्रश्न घ्या. कमी गुणांच्या गटात शहरातल्या ४० पैकी ८ मुलांचं उत्तर बरोबर, खेड्यातल्या १०० पैकी २० जणांचं. दोन्हीकडे २० टक्के. मध्यम गटात दोन्हीकडे ६० पैकी ३०. वरच्या गटात शहराकडे १०० पैकी ८५, खेड्याकडे ४० पैकी ३४, म्हणजे दोन्हीकडे ८५ टक्के. सारख्या तयारीची दोन मुलं समोरासमोर बसवली तर या प्रश्नाने त्यांच्यात काडीचाही फरक केलेला नाही. पण गट मोडून सगळ्यांची बेरीज केली की शहराचे १२३ होतात आणि खेड्याचे ८४. टक्क्यांत ६१.५ आणि ४२. तुम्हाला दिसलेला फरक तो हाच.

तो आला कुठून? खेड्यातली जास्त मुलं कमी गुणांच्या गटात आहेत, तिथून. हा फरक खरा आहे आणि मला तो खुपतो. त्याची कारणं एका शिक्षकावर चालणाऱ्या दोन-दोन वर्गांत आहेत, धान रोवणीच्या दिवसांत बुडणाऱ्या शाळेत आहेत. प्रश्न काढून टाकला तर फरक फक्त दिसेनासा होईल, आणि त्या मुलांना भागाकार शिकवायचा राहूनच जाईल.

आता फ्लॅटचा प्रश्न. तो जसाच्या तसा देते: ‘एका सोसायटीत ४ विंग आहेत. प्रत्येक विंगमध्ये स्टिल्ट पार्किंगच्या वर ७ मजले असून प्रत्येक मजल्यावर ४ फ्लॅट आहेत. तर सोसायटीत एकूण फ्लॅट किती?’ गट तेच ठेवा. कमी गुणांच्या गटात शहरातल्या ४० पैकी १२ बरोबर, खेड्यातल्या १०० पैकी १५. मध्यम गटात शहराचे ६० पैकी ३६, खेड्याचे ६० पैकी २४. वरच्या गटात शहराचे १०० पैकी ८५, खेड्याचे ४० पैकी २८. इथे प्रत्येक पायरीवर खेड्यातलं मूल मागे आहे, आणि तेही एकूण गुण सारखे असूनसुद्धा. वरच्या गटातली खेड्यातली मुलं तुमच्या शाळांतली सगळ्यात हुशार मुलं आहेत. तीही ८५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांवर अडतात. काहीतरी वेगळंच आडवं येतंय.

हे ‘काहीतरी’ एका आकड्यात पकडायची रीत शाळांमधून आलेली नाही, ती आली कर्करोगाच्या संशोधनातून. अमेरिकेतल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या नेथन मँटेल आणि विल्यम हॅन्झेल यांनी ती १९५९ मध्ये मांडली. रोगी आणि निरोगी माणसांची तुलना करताना वय वगैरे गोष्टी सारख्या असलेल्यांचीच आपसात तुलना करायची, आणि मग सगळ्या गटांचा निष्कर्ष एकत्र करायचा. पुढे १९८० च्या दशकात पॉल हॉलंड आणि डोरोथी थेयर यांनी हीच रीत परीक्षेतल्या प्रश्नांना लावली. वयाच्या जागी एकूण गुण आले, इतकाच बदल.

हिशोब असा. प्रत्येक गटात शहरातल्या बरोबर उत्तरांना खेड्यातल्या चूक उत्तरांनी गुणा आणि गटातल्या एकूण मुलांनी भागा. कमी गटात १२ गुणिले ८५ भागिले १४०, म्हणजे ७.२९. मध्यम गटात ३६ गुणिले ३६ भागिले १२०, म्हणजे १०.८. वरच्या गटात ८५ गुणिले १२ भागिले १४०, पुन्हा ७.२९. बेरीज साधारण २५.३७. मग उलट करा: शहरातली चूक गुणिले खेड्यातली बरोबर, भागिले एकूण. ते येतं ३, ४.८ आणि ३, बेरीज १०.८. पहिल्या बेरजेला दुसरीने भागा: २.३५. अर्थ असा की सारख्या गुणांच्या मुलांमध्ये शहरातल्या मुलाचं बरोबर-चूक गुणोत्तर खेड्यातल्या मुलाच्या सुमारे २.३५ पट आहे. प्रश्न कुणालाही झुकतं माप देत नसता तर हा आकडा १ च्या आसपास आला असता. भागाकाराच्या प्रश्नाचा करून बघा, नेमका १ येतो.

परीक्षा घेणाऱ्या मोठ्या संस्था या आकड्याचा नैसर्गिक लॉग (कॅल्क्युलेटरवरचं ‘ln’ बटण) घेऊन त्याला उणे २.३५ ने गुणतात. (दोन्हीकडे २.३५ आलं तो निव्वळ योगायोग, गोंधळू नका.) आपल्या प्रश्नाचं उत्तर येतं उणे २. उणे चिन्ह म्हणजे प्रश्न खेड्यातल्या मुलांना जड. अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसच्या पद्धतीत चिन्ह सोडून हा आकडा १ च्या आत असेल तर प्रश्न ‘ए’ वर्गात, म्हणजे काळजी नाही. दीड किंवा त्याहून जास्त असेल, आणि तो १ च्या पलीकडे केवळ योगायोगाने गेलेला नाही हेही चाचणीत ठरलं, तर ‘सी’ वर्ग. मधले ते ‘बी’. तुमचा फ्लॅटचा प्रश्न ‘सी’ वर्गात बसतो.

तुमच्या संस्थेत निघालेली १५ टक्क्यांची कल्पना नवी नाही बरं का. अमेरिकेत गोल्डन रूल नावाच्या विमा कंपनीने इलिनॉय राज्यातल्या विमा एजंटांच्या परवाना परीक्षेविरुद्ध दावा लावला होता. १९८४ मध्ये तडजोड झाली. तीत असं ठरलं की गोऱ्या आणि काळ्या उमेदवारांच्या बरोबर उत्तरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक नसलेले प्रश्न आधी वापरायचे. हेतू चांगलाच होता. पण सारख्या तयारीच्या उमेदवारांची आपसात तुलना त्यात कुठेच नव्हती. १९८७ मध्ये ती परीक्षा तयार करणाऱ्या त्याच टेस्टिंग सर्व्हिसचे अध्यक्ष ग्रेगरी अनरिग यांनी ती तडजोड करण्यात आपली चूक झाली, असं जाहीरपणे मान्य केलं.

या विषयात आता ‘पक्षपाती प्रश्न’ असं एकदम म्हणत नाहीत. ‘डिफरेन्शियल आयटम फंक्शनिंग’ म्हणतात, थोडक्यात ‘डिफ’. प्रश्न दोन गटांत वेगळा वागतोय, एवढंच आकडा सांगतो. तो अन्याय आहे की नाही हे माणसांनीच ठरवायचं, आणि त्यासाठी मुलांजवळ जाऊन बसावं लागतं.

तुमच्याच परवानगीने मी गेल्या शनिवारी सकाळच्या शाळेत कुहीकडे जाऊन आले. एका मुलीला तो प्रश्न मोठ्याने वाचत सोडवायला सांगितला. ‘विंग’ शब्दावर ती थांबली. ‘विंग म्हणजे पंख का, बाई?’ इंग्रजीच्या तासाला तिने पक्ष्याचे विंग्ज शिकले होते. मग तिने पाटीवर पक्षी काढला, त्याला चार पंख काढले, स्वतःशीच मान हलवली आणि पुसून टाकला. ‘मंग फ्लॅट कुठी असते?’ शेवटी तिने कळलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार केला, सात चोक अठ्ठावीस, आणि २८ च्या पर्यायावर बोट ठेवलं. मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं: ‘४ गोदामं आहेत. प्रत्येक गोदामात धानाच्या पोत्यांच्या ७ थप्प्या, प्रत्येक थप्पीत ४ पोती. एकूण पोती किती?’ तिने मान वर न करता ११२ लिहिलं. गणित तेच, आकडेही तेच होते.

म्हणून हा प्रश्न काढा किंवा बदला. भागाकाराचा राहू द्या. आणि अजून एक तुमच्या नजरेतून सुटलाय: क्रमांक ३१, ‘१०० मीटर लांब धुऱ्यावर दर ४ मीटरला एक झाड, दोन्ही टोकांना झाड हवं, तर किती झाडं?’ तिथे चिन्ह उलटं आलं आहे, खेड्यातली मुलं पुढे. धुरा म्हणजे शेताचा बांध हे आपल्याकडे वावरात वाढलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. धरमपेठेतल्या मुलाने धुरा फक्त ‘कुटुंबाची धुरा सांभाळणे’ या वाक्प्रचारातच ऐकलेली असते. एक प्रश्न शहराच्या बाजूने, एक खेड्याच्या बाजूने, म्हणून फिटंफाट झाली असं म्हणू नका. दोन वेगवेगळ्या मुलांचं नुकसान झालंय.

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतो. प्रकल्पासाठी एका शाळेच्या ६० मुलांच्या उत्तरपत्रिका मिळाल्या आहेत, ४० प्रश्नांचा पेपर. मराठी आणि हिंदी माध्यमांची तुलना करायची आहे. मँटेल-हॅन्झेल वापरू की लॉजिस्टिक रिग्रेशन? – एक विद्यार्थी, अमरावती रोड

आधी मुलं वाढवा, पद्धत मग ठरवू. ६० मुलांचे दोन माध्यमांत आणि गुणांच्या चार-पाच गटांत तुकडे पडले की एकेका चौकटीत तीन-चार मुलं उरतात. अशा चौकटीत एका मुलाला त्या दिवशी ताप असला तरी निष्कर्ष बदलतो. प्रत्येक माध्यमाची २०० च्या आसपास मुलं असावीत असं साधारण धरतात. पेपर तोच असेल तर दोन-तीन शाळांचा, नाहीतर दोन-तीन वर्षांचा डेटा एकत्र करा.

दुसरं, ४० प्रश्नांची ४० वेळा चाचणी घ्याल आणि ५ टक्क्यांची पातळी ठेवाल, तर एकही प्रश्न सदोष नसतानासुद्धा सरासरी २ प्रश्न सदोष दिसतील. प्रकल्पात त्या दोघांवर पानंच्या पानं लिहिलेली मी पाहिली आहेत, आणि मार्गदर्शकांनीही त्यावर मान डोलावलेली पाहिली आहे. उलट मुलं हजारोंनी असली की नगण्य फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. म्हणून पी-व्हॅल्यूच्या (खरा फरक नसताना असा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता) शेजारी फरकाचा आकार द्यायलाच हवा. वरच्या उत्तरातले ए, बी, सी वर्ग त्यासाठीच आहेत.

आता तुमचा मूळ प्रश्न. मँटेल-हॅन्झेल हाताने करता येतं आणि एका दिशेचा फरक चांगला पकडतं. पण काही प्रश्न दुटप्पी वागतात. कमी गुणांच्या मुलांत मराठी माध्यम पुढे, जास्त गुणांच्या मुलांत हिंदी माध्यम पुढे. मँटेल-हॅन्झेलच्या बेरजेत हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि प्रश्न निर्दोष सुटतो. अशा ठिकाणी लॉजिस्टिक रिग्रेशन लागतं, म्हणजे गुण, माध्यम अशा गोष्टींवरून उत्तर बरोबर यायची शक्यता सांगणारं समीकरण. स्वामिनाथन आणि रॉजर्स यांनी १९९० मध्ये ते या कामासाठी मांडलं. तीन मॉडेल बसवा. पहिल्यात फक्त एकूण गुण. दुसऱ्यात गुण आणि माध्यम. तिसऱ्यात गुण, माध्यम आणि त्या दोघांचा गुणाकार. दुसऱ्या पायरीला मॉडेल सुधारलं तर फरक सगळ्या पातळ्यांवर एकाच दिशेचा आहे. तिसऱ्या पायरीला सुधारलं तर तो पातळीप्रमाणे बदलतो. आलेख काढा, दुटप्पी प्रश्नात दोन वक्र एकमेकांना छेदताना दिसतील. गाईडला पटवायला तो आलेख पुरेसा होतो.

अजून एक काम बरेच जण विसरतात. एकूण गुण ही तुमची मोजपट्टी आहे आणि त्या मोजपट्टीतच सदोष प्रश्न बसलेले आहेत. म्हणून एक फेरी करा, सदोष वाटलेले प्रश्न एकूण गुणांतून वजा करा आणि नव्या बेरजेवर दुसरी फेरी करा. ज्या प्रश्नाची तपासणी चालू आहे तो मात्र त्याच्या स्वतःच्या फेरीत बेरजेत ठेवायचा. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात ‘डिफआर’ नावाचं पॅकेज हे सगळं करून देतं. तरी पहिले दोन प्रश्न कॅल्क्युलेटरवर स्वतः करा, अशी माझी विनंती आहे. सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्याचं चिन्ह कुणाच्या बाजूचं, यात भल्याभल्यांची चूक होते.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी गोंडी बोलतात. पेपर मराठीत. तुम्ही सांगता त्या पद्धतीने तालुक्याच्या कार्यशाळेत तपासणी झाली आणि ‘एकही प्रश्न सदोष नाही’ असा अहवाल आला. मला तो पटत नाही. मी चुकते का? – एक शिक्षिका, देवलापार परिसर

तुम्ही चुकत नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण या पद्धतीच्या सगळ्यात दुबळ्या जागेवर तुम्ही बोट ठेवलंय.

या सगळ्या पद्धती मुलाची तयारी त्याच पेपरच्या एकूण गुणांवरून ठरवतात. आता समजा, पेपरातला प्रत्येक प्रश्न गोंडी बोलणाऱ्या मुलाला भाषेमुळे सारखाच जड गेला. मग त्याचे एकूण गुणही तेवढेच उतरतात. हिशोब त्याची जोडी लावतो त्याच्याहून कच्च्या मराठी मुलाशी. त्या जोडीत प्रश्नागणिक काहीच फरक दिसत नाही, आणि अहवाल स्वच्छ येतो. तराजूच्या पारड्याखाली आधीच दगड चिकटवलेला असेल, तर त्याच तराजूवर कितीही वेळा तोललं तरी दगड सापडायचा नाही. या पद्धतींना पेपरातले वेगळे वागणारे दोन-चार प्रश्न सापडतात. अख्खा पेपर कलला असेल तर त्यांना दिसत नाही. कार्यशाळेतल्या अहवालात हे एक वाक्य लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतःवर शंका घ्यायची वेळ आली नसती.

वैद्यकीय प्रवेशाची २०१८ ची ‘नीट’ परीक्षा आठवा. तमिळ प्रश्नपत्रिकेत ४९ प्रश्नांचं भाषांतर चुकलं, अशी याचिका मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे आली. खंडपीठाने जुलैत प्रत्येक प्रश्नाचे ४ याप्रमाणे १९६ गुण द्यायचा आदेश दिला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याची बाजू माझ्या आवाक्यातली नाही. संख्याशास्त्राच्या बाजूने बघितलं तर पेपर १८० प्रश्नांचा होता, म्हणजे वादातले प्रश्न पाव पेपरहून जास्त. मोजपट्टीचा इतका भाग वादात असेल तर एकूण गुणांवरून जोड्या लावून काही ठरवणं अवघड होऊन बसतं.

मग तुम्ही काय करायचं? पेपरच्या बाहेरचा पुरावा गोळा करा. गणिताचे पाच प्रश्न निवडा. तेच प्रश्न एकदा मराठीत आणि एकदा गोंडीत तोंडी विचारा, मध्ये आठवडा जाऊ द्या. गोंडीसाठी गावातल्याच कुणाची तरी मदत घ्या, बहुतेक अंगणवाडीच्या मदतनीस ताई तयार होतात. निम्म्या मुलांना आधी मराठीत विचारा, निम्म्यांना आधी गोंडीत. नाहीतर दुसऱ्यांदा विचारल्यामुळे बरोबर आलं की भाषेमुळे, ते कळणार नाही. इथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याशीच होते, त्यामुळे थोडी मुलंसुद्धा चालतात.

एकेका प्रश्नाला दोन्हीकडे बरोबर किंवा दोन्हीकडे चूक आलेली मुलं सोडून द्या. समजा दहा मुलांचं उत्तर भाषेप्रमाणे बदललं. त्यातल्या ९ जणांचं गोंडीत बरोबर आणि मराठीत चूक, एकाचं उलट. भाषेने काहीच फरक पडत नसता तर हे नाणेफेकीसारखं झालं असतं. दहा वेळा नाणं उडवून ९ किंवा १० वेळा छापा पडायची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात जेमतेम एक. १९४७ मध्ये क्विन मॅकनेमर यांनी मांडलेल्या चाचणीचं मूळ हेच आहे. पाचही प्रश्नांना असं दिसलं, तर तो कागद घेऊन केंद्रप्रमुखांकडे जा. तुमच्या मुलांना गणित येतं, हे त्यांना त्या कागदावर दिसेल.

प्रश्न : सदोष प्रश्न सापडला तर सगळ्यांना त्याचे गुण देऊन टाकावेत का? – एक पालक, इतवारी

शक्य असेल तर नको. सगळ्यांना गुण दिले की ज्याने डोकं लावून बरोबर सोडवलं त्याची मेहनत शून्य होते, आणि ज्याने त्या प्रश्नावर दहा मिनिटं घालवली त्याची दहा मिनिटं परत मिळत नाहीत. निकालाआधी सापडला तर प्रश्न मोजणीतून वगळून उरलेल्यांवर निकाल लावणं मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. पण खरी वेळ परीक्षेच्या आधीची. नवा प्रश्न आधी गुण न मोजता एखाद्या पेपरात घालून बघायचा, गटवार हिशोब करायचा आणि मग पक्का करायचा.

प्रश्न : उताऱ्याखाली प्रश्न होता, ‘भरती संपल्यावर किनाऱ्यावर काय दिसते?’ दिलेल्या पर्यायांतून मी ‘माणसांची गर्दी’ लिहिलं. सरांनी चूक दिलं. बरोबर उत्तर ‘शंख-शिंपले’ होतं. आमच्या गावातले दादा लोक भरतीसाठी रोज पहाटे तलावाच्या काठाने धावतात. मी चुकलो की प्रश्न चुकला? – इयत्ता आठवीचा विद्यार्थी, उमरेडजवळून

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण तू प्रश्नालाच प्रश्न विचारलास. तू जी भरती रोज बघतोस, पोलिसांची आणि सैन्याची, तीच तुला आठवली. ती भरती संपली की तलावाच्या काठावर गर्दी दिसणारच. उताऱ्यातली भरती समुद्राची होती. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने समुद्राचं पाणी किनाऱ्यावर चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर हे दिवसातून साधारण दोनदा होतं, दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. आपल्या भागातून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब आहे. तुला तो शब्द भेटायचा कुठे?

अशा गोष्टी मोठमोठ्या परीक्षांतही होतात. अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी होणाऱ्या सॅट परीक्षेतलं एक उदाहरण अजून सांगितलं जातं. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, ते वल्हं मारणाऱ्याचं कशाशी? उत्तर होतं ‘रेगाटा’, म्हणजे नावांची शर्यत. ज्याच्या गावात अशी शर्यत कधी झालीच नाही त्या मुलाने काय करायचं? असे जोड्यांचे प्रश्न त्या परीक्षेतून २००५ मध्ये काढले गेले.

आता तुझ्या सरांना माझा निरोप दे. वर्गाची उत्तरं चूक किंवा बरोबर एवढीच न मोजता, कुठला पर्याय किती जणांनी निवडला ते मोजायचं. उतारा ज्यांना समजला नाही त्यांची चूक उत्तरं सगळ्या पर्यायांत विखुरतात. शब्दानेच दगा दिला असेल तर चूक उत्तरं एकाच पर्यायावर गोळा होतात. तुमच्या वर्गात ‘माणसांची गर्दी’ किती जणांनी लिहिलं ते बघा, आणि त्यात एरवी मराठीत चांगले गुण मिळवणारे किती ते वेगळं लिहा.

अजून एक करता येईल. बाजूच्या तुकडीने हा उतारा अजून सोडवला नसेल तर सरांना त्याच्या दोन प्रकारच्या चिठ्ठ्या करायला सांग. निम्म्यांवर ‘भरती संपल्यावर’, निम्म्यांवर ‘समुद्राची भरती ओसरल्यावर’. चिठ्ठ्या नीट मिसळून वाटा, हुशार मुलांना एक आणि बाकीच्यांना दुसरी असं होऊ देऊ नका. मग कुठल्या चिठ्ठीला किती जणांनी शंख-शिंपले लिहिलं ते मला कळव. चिठ्ठ्या किती वाटल्या तेही लिही, त्याशिवाय मला हिशोब करता येणार नाही.